खोट्या विद्यार्थ्याची खरी गुणपत्रिका

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रहो,

विद्यापीठात शैक्षणिक कार्यक्रमांचा प्रकल्प व्यवस्थापक म्हणून काम करणाऱ्या माणसाला घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो, की तुम्ही शिकवता का ऑफिसात असता? या सभागृहात तो विचारला जाणार नाही याची मला खात्री आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कोणत्या ना कोणत्या अभ्यास मंडळावर आहेत आणि उरलेल्यांनी त्या मंडळांची इतिवृत्ते लिहून काढलेली आहेत. तेव्हा प्रास्ताविक टाळून मी थेट माझ्या आवडत्या मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे विद्या परिषदेची, म्हणजे विद्यापीठाच्या सर्वोच्च शैक्षणिक मंडळाची, मंजुरी मिळाली की नवा अभ्यासक्रम 'झाला' असे समजले जाते. त्या मंजुरीपासून पहिल्या गुणपत्रिकेपर्यंतच्या प्रवासाला मात्र कोणी धनी नसतो. तो धनी कसा नेमावा आणि त्याने काय करावे, हे सांगण्यासाठी मला बोलावले आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मधला, म्हणजे मार्च २०१७ पासून आपण ज्याच्या चौकटीत काम करतो त्या कायद्यातला क्रम आपल्याला पाठ आहे : अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद, आणि पैशाचा किंवा पदांचा प्रश्न आला की व्यवस्थापन परिषद. त्याच कायद्याने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावा असेही सांगितले आहे. (सभागृहात हशा.) हसू नका, परीक्षा विभागातील मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत. सांगायचे इतकेच, की कायद्याने सुरुवातीच्या पायऱ्या नेमून दिल्या आणि शेवटची मुदतही घालून दिली, पण मधले काम परिपत्रकांवर सोडले.

हे मधले काम कसे फसते याचा एक किस्सा सांगतो. विद्यापीठाचे नाव विचारू नका. आपल्यापैकी प्रत्येकाला ते आपलेच वाटेल. एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सुधारणा झाली. पूर्वी अंतर्गत मूल्यमापनाला ४० आणि सत्रांत परीक्षेला ६० गुण होते, ते आता ५०-५० करण्यात आले. अभ्यास मंडळात त्यावर पुष्कळ आणि खरोखर चांगली चर्चा झाली, विद्या परिषदेत ठराव संमत झाला, शैक्षणिक विभागाने जावक क्रमांक टाकून परिपत्रक काढले आणि प्राध्यापकांनी नव्या पद्धतीने चाचण्या, चर्चासत्रे, प्रकल्प सगळे प्रामाणिकपणे घेतले. नोव्हेंबरात महाविद्यालयातला लिपिक अंतर्गत गुण भरायला संगणकासमोर बसला. एका मुलीला ५० पैकी ४३ होते. त्याने ४३ टाकले, तर पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, की गुण कमाल मर्यादेपेक्षा जास्त आहेत. प्रणालीत कमाल गुण अजून ४०च होते.

आता गुण भरण्याची मुदत दोन दिवसांवर आलेली आणि मदतकक्षाचा दूरध्वनी सतत व्यग्र. एका महाविद्यालयाने ४३ चे ४० केले. दुसऱ्याने त्रैराशिक मांडून सगळ्यांचे गुण ४० पैकी करून टाकले. गणित अचूक, अपूर्णांक वरच्या पूर्णांकात. तिसऱ्याने रकाना रिकामा ठेवून पत्र पाठवले, तर त्याच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर 'गैरहजर' छापून आले. एकच विषय, एकच प्रश्नपत्रिका, आणि निकालाच्या तीन तऱ्हा.

चौकशी समिती नेमली गेली, तिथून पुढचा भाग मला अधिक आवडतो. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांनी इतिवृत्त दाखवले, त्यात ५०-५० स्वच्छ लिहिलेले होते. शैक्षणिक विभागाने परिपत्रकाची पोच दाखवली. परीक्षा विभागाने सांगितले, की परिपत्रक मिळाले हे खरे, पण गुणविभागणीचा तक्ता सहपत्राच्या शेवटच्या पानावर स्कॅन करून जोडलेला होता आणि आम्हाला प्रणालीतील बदलासाठी ठरावीक नमुन्यात वेगळी मागणी लागते. संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीने तर तो कोरा नमुनाच समोर ठेवला, म्हणजे सही करून कोणी पाठवलाच नव्हता. प्रत्येकाची फाईल पूर्ण होती, प्रत्येकाची टिपणी निर्दोष होती, आणि समितीने अहवालात 'समन्वयाचा अभाव' असे लिहून स्वतःचीही फाईल पूर्ण केली. शेवटी कुलगुरूंना बारा-सात, म्हणजे कायद्याने त्यांना दिलेला तातडीचा अधिकार, वापरून निकाल दुरुस्त करावे लागले. इथे एक सांगतो : कलम १२(७) हे आणीबाणीच्या प्रसंगासाठी आहे, आणि दर सत्रात त्याची आठवण काढणाऱ्या कार्यालयात आणीबाणी हाच नित्यक्रम झालेला असतो.

आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळातही पावतीपुस्तक कोणाकडे आणि पोलीस परवान्यासाठी खेटे कोण घालणार हे आधी ठरते. आपल्याकडे कोट्यवधींचा व्यवहार, हजारो विद्यार्थी, आणि 'तक्ता प्रणालीत चढला का' हे पाहायला कोणाचेही नाव नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यावर हा प्रश्न कितीतरी पटींनी वाढला. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे, मूल्यांचे, भारतीय ज्ञान प्रणालीचे विषय, ऑन जॉब ट्रेनिंग, असे एका पदवीचे अनेक भाग झाले. अभ्यासाचा भार क्रेडिटमध्ये मोजायचा : तीन वर्षांत १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांत १६० ते १७६. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे ३०, त्यामुळे एखाद्या विषयाची दोन क्रेडिट व्याख्यानातून प्रात्यक्षिकात हलवली की वेळापत्रक बदलते, प्रयोगशाळेच्या तुकड्या बदलतात, शिक्षकांचा वर्कलोड बदलतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याचे १६ तास लागतात. ते भरले नाहीत तर पद धोक्यात आणि जास्त झाले तर सीएचबीची, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची, जाहिरात. अभ्यास मंडळात हा बदल दहा मिनिटांत संमत होतो. शेजारच्या विभागातल्या कोणाची नोकरी त्या दहा मिनिटांवर अवलंबून आहे, हे मंडळात बसलेल्यांना पुष्कळदा ठाऊकही नसते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही, कारण तो हिशेब त्यांच्यापुढे कोणी ठेवलेलाच नसतो.

अध्यक्ष महोदयांची चिठ्ठी आली आहे. तिच्यावर 'पाच मिनिटे' असे लिहून खाली दोनदा रेघ मारलेली दिसते, तेव्हा ज्यासाठी मला बोलावले ते आता भराभर सांगतो.

माझी सूचना अशी, की प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रत्येक नव्या अभ्यासक्रमातून तीन खोटे विद्यार्थी चालवून पाहावेत. पहिला सरळ उत्तीर्ण होणारा. दुसरा एका विषयात नापास होऊन एटीकेटी घेणारा. तिसरा दुसऱ्या विद्यापीठातून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधली, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातली, क्रेडिट घेऊन आलेला आणि पहिल्या वर्षानंतर ४ जादा क्रेडिट पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणारा. या तिघांचा प्रवेश अर्ज, विषयनिवड, परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, अंतर्गत गुण, निकाल आणि गुणपत्रिका हे सर्व चाचणी प्रणालीत प्रत्यक्ष करून पाहायचे, आणि गुणपत्रिका कागदावर छापून अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांची तिच्यावर सही घ्यायची. त्या मुलीचे ४३ जूनमध्येच अडले असते. तिसरा विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अडकेल, आणि त्याला मुद्दाम घ्यायचे ते त्यासाठीच.

दुसरे म्हणजे विषयाचा कोड, क्रेडिट, गुणविभागणी आणि उत्तीर्णतेचा निकष यांचा एकच तक्ता असावा, तो संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात असावा, आणि परिपत्रक, वेळापत्रक व परीक्षाप्रणाली या तिन्ही ठिकाणी माहिती त्यातूनच जावी. विद्या परिषदेच्या विषयपत्रिकेला हा तक्ता आणि त्यातून निघणारा वर्कलोडचा हिशेब जोडलेला नसेल तर तो विषय बैठकीपुढे घेऊच नये. एवढ्या एका नियमाला विरोध होईल हे मी जाणतो, कारण बैठकीच्या आदल्या रात्री विषय घुसवण्याची सोय त्याने जाते.

तिसरे, हे सर्व पाहणाऱ्या व्यक्तीची नेमणूक मसुदा तयार होतानाच व्हावी आणि प्रणालीतील बदलाच्या नमुन्यावर सही करण्याचा अधिकार तिला लेखी मिळावा. अधिष्ठात्यांनी, म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखांनी, हे काम अंगावर घ्यावे असे काहींचे म्हणणे आहे, पण एका विद्याशाखेखाली किती अभ्यास मंडळे असतात ते मोजून पाहिले की ते शक्य नाही हे कळते. आणि कृपा करून ही नेमणूक ११ महिन्यांच्या करारावर करू नका. पदवीची पहिली तुकडी बाहेर पडायला किमान तीन वर्षे लागतात. इतक्या काळात अशा पदावर तीनचार माणसे येऊन गेलेली असतात आणि शेवटच्या सत्रातल्या गुणपत्रिकेबद्दल ज्याला विचारायचे तो एव्हाना दुसऱ्या विद्यापीठात रुजू झालेला असतो. पदनिर्मिती शासनाच्या हाती आहे, हे मला माहीत आहे. तोवर विद्यापीठ निधीतून तीन वर्षांची नेमणूक करता येईल का, याचे उत्तर आज इथे उपस्थित असलेले वित्त व लेखा अधिकारीच देऊ शकतील, म्हणून उरलेली दोन मिनिटे मी त्यांना देतो.