खाटेशेजारची मोजपट्टी

अतिदक्षता विभागात बेशुद्ध असलेल्या या बाईंची उंची परिचारिका डोक्यापासून टाचेपर्यंत मोजपट्टी धरून मोजत आहेत. ती 155 सेंटिमीटर भरते. व्हेंटिलेटरने एका श्वासाला किती हवा द्यायची, हे याच आकड्यावरून ठरायला हवे, कारण फुप्फुसांचा आकार उंचीप्रमाणे असतो. अंगावर वजन चढले म्हणून फुप्फुसे वाढत नाहीत.

बाईंचे वजन 75 किलो आहे, पण त्यांच्या उंचीला धरून काढलेले वजन जेमतेम 48 किलो येते. किलोमागे 6 मिलिलिटर या हिशेबाने त्यांना एका श्वासाला सुमारे 290 मिलिलिटर हवा पुरते. काट्यावरचे वजन धरले, तर हाच आकडा 450 होतो आणि आधीच सुजून पाणी भरलेली फुप्फुसे मिनिटाला वीस-पंचवीस वेळा नको तितकी ताणली जातात.

एआरडीएस या फुप्फुसांच्या गंभीर विकारासाठी 6 मिलिलिटरचे हे प्रमाण अमेरिकेतील 861 रुग्णांवरच्या चाचणीतून पुढे आले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार किलोमागे 12 मिलिलिटर हवा दिलेल्या गटात 39.8 टक्के, तर 6 मिलिलिटरच्या गटात 31 टक्के रुग्ण दगावले. एवढे जीव वाचवायला नवे औषध लागले नाही की नवे यंत्र.

तरीही 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 50 देशांतील 459 अतिदक्षता विभागांच्या पाहणीत किलोमागे 8 मिलिलिटर किंवा त्याहून कमी हवा मिळालेले एआरडीएसचे रुग्ण दोन तृतीयांशही नव्हते, आणि सुमारे 40 टक्के रुग्णांचा हा आजार डॉक्टरांच्या लक्षातच आला नव्हता.

डॉक्टरांना संशोधन ठाऊक नसते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मध्यरात्री रुग्ण येतो, रक्तदाब घसरत असतो, नातेवाईक दाराशी उभे असतात. अशा वेळी उंची नजरेनेच अजमावली जाते आणि सवयीचा आकडा यंत्रावर लागतो. पुढे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की हवा वाढवण्याचा मोह होतो. याचा फटका कमी उंचीच्या रुग्णांना, म्हणजे बहुतेक वेळा स्त्रियांना, अधिक बसतो.

म्हणूनच या खाटेला मोजपट्टी बांधून ठेवली आहे आणि उंचीप्रमाणे हवेचे प्रमाण सांगणारा तक्ता व्हेंटिलेटरवरच चिकटवला आहे. सकाळच्या राऊंडला परिचारिका 155 समोरचा आकडा मोठ्याने वाचतात आणि डॉक्टर यंत्रावरचे 450 खाली आणत 290 वर थांबतात.