सदतीस अंशांवर थांबणारं औषध

[दृश्य: फ्रीजमधून नुकतीच काढलेली काचेची छोटी बाटली. बाहेरून दव साचलंय.]

या बाटलीतलं द्रावण आत्ता पाण्यासारखं पातळ आहे. जरा कलती केली, की लगेच वाहतं. आता हीच बाटली 37 अंश सेल्सियसच्या पाण्यात धरूया. थोडा वेळ जाऊ द्या... आणि आता उलटी करा.

एक थेंबसुद्धा खाली आला नाही.

मेण उबेनं वितळतं. हे द्रावण मात्र उबेनं घट्ट होतं. आणि 37 अंश म्हणजे आपल्या शरीराच्या आतली ऊब.

[दृश्य: औषधाची ट्यूब, शेजारी ते आत सोडायची नळी, म्हणजे अ‍ॅप्लिकेटर.]

योनिमार्गात संसर्ग झाला, की क्रीम किंवा आत ठेवायची गोळी दिली जाते. रात्री झोपताना वापरा, असं सांगतात. सकाळी उठून उभं राहिलं, की त्यातलं बरंचसं बाहेर येतं. कपडे ओले, दिवसभर चिकटपणा. दोन दिवसांत खाज कमी झाली, की हा त्रास नको म्हणून औषध बंद होतं. मग कागदावर लिहिलं जातं, ‘रुग्णाने उपचार पूर्ण केले नाहीत.’ मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. जे औषध जागेवर राहतच नाही, त्याचा दोष ते वापरणाऱ्या बाईवर का?

ही जागाही साधी नाही. योनिमार्गाला घड्या असतात आणि तिथे सतत स्राव पाझरत असतो. निरोगी अवस्थेत तिथला सामू साधारण 3.8 ते 4.5, म्हणजे आम्लधर्मी. लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून हे आम्लपण टिकवतात. ते घटले, की इतर जिवाणू वाढून बॅक्टेरियल व्हजायनोसिससारखा त्रास सुरू होतो. औषधानं बरा झाला तरी कित्येक जणींना वर्षाच्या आत पुन्हा होतो.

[दृश्य: रेणूंचं अ‍ॅनिमेशन.]

बाटलीतल्या पदार्थाचं नाव पोलोक्झॅमर 407. त्याचा प्रत्येक रेणू म्हणजे तीन तुकड्यांची साखळी. दोन्ही टोकांना पाणी आवडतं, मधल्या तुकड्याला ते फारसं मानवत नाही. गारव्यात पाणी मधल्या तुकड्यालाही धरून असतं. ऊब लागली, की ते सुटतं. मग उघडे पडलेले मधले तुकडे एकमेकांना बिलगतात, त्यांचे सूक्ष्म गोळे होतात. हे गोळे इतके दाटीनं बसतात, की कुणालाच हलायला जागा उरत नाही. तेच जेल. पक्की रासायनिक गाठ कुठेच पडत नाही, म्हणून गार केलं की पुन्हा पातळ.

त्यामुळे ते बनवतानाही गार पाणीच लागतं. 100 ग्रॅम द्रावणात 18 ते 20 ग्रॅम भुकटी हळूहळू सोडायची आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. कोमट पाण्यात घातली तर गुठळ्या होऊन बसतात.

पातळ असताना ते घड्यांमध्ये शिरतं आणि तिथेच थिजतं. पण खरी कसोटी पुढे आहे. आतला स्राव त्यात मिसळला, की पोलोक्झॅमरचं प्रमाण घटतं आणि थिजण्याचं तापमान वर सरकतं. बाटलीत छान थिजणारं जेल शरीरात पातळच राहू शकतं. म्हणून चाचणी कृत्रिम योनिस्राव मिसळूनच करावी लागते. उलट थिजण्याचं तापमान फार खाली ठेवलं, तर गरम खोलीत ते अ‍ॅप्लिकेटरमध्येच घट्ट होतं. त्याच जातीचं पोलोक्झॅमर 188 घालून हे तापमान वर नेता येतं. भिंतीला चिकटून राहावं म्हणून कायटोसॅन किंवा झॅन्थन गम यांसारखे चिकट पदार्थही घालतात.

डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या अशाच एका जेलला मान्यता दिली. त्याचा डोस एकदाच घ्यायचा.

[दृश्य: रिकामा अ‍ॅप्लिकेटर, जवळून.]

संसर्ग होण्याआधीच तो रोखायचा, ही वाट जास्त खडतर. शुक्राणुनाशक नॉनॉक्सिनॉल-9 एचआयव्हीपासून वाचवेल अशी आशा होती. 2000 साली कळलं, की वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका उलट वाढला. आतलं नाजूक अस्तरच त्यानं दुखावलं जात होतं. त्यानंतर कुठल्याही जेलला आधी अस्तर शाबूत राहतं का, हे दाखवावं लागतं.

2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या 889 स्त्रियांच्या चाचणीत टेनोफोव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या साध्या, म्हणजे उबेनं न थिजणाऱ्या जेलनं एचआयव्हीची लागण 39 टक्क्यांनी कमी झाली. केवढी आशा वाटली होती! पुढच्या मोठ्या चाचण्यांत तो फायदा दिसला नाही, कारण अनेक जणींकडून जेल नियमित वापरलंच गेलं नव्हतं.

कॅनडातल्या लावाल विद्यापीठानं उबेनं थिजणारं जेल बनवून कॅमेरूनमधल्या स्त्रियांसोबत तपासलं. त्याच्या अ‍ॅप्लिकेटरला टोकाबरोबर बाजूंनाही भोकं होती, म्हणजे द्रावण सगळीकडे पोचावं. त्या स्त्रियांना एक प्रश्न आवर्जून विचारला गेला: हे वापरताना तुम्हाला कसं वाटलं?

[दृश्य: तीच बाटली, पुन्हा गार पाण्यात. जेल हळूहळू काचेवरून ओघळू लागतं.]