पेटीवर उघडा राहील असा अंक

जळगावातल्या एका खोलीत सतरंजीवर मांडलेले हे कागद म्हणजे खानदेशातून निघू घातलेल्या एका संगीतविषयक नियतकालिकाचा कच्चा आराखडा आहे. पहिली बैठक मुखपृष्ठाच्या रंगावरून सुरू झाली आणि तिथेच अडली, कारण अंक कोणाच्या हाती जायचा हेच तोवर ठरलेले नव्हते.

मैफलीला जाणाऱ्या रसिकासाठी मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र लग्नसराईत गावोगाव वाजवत फिरणारे बँडवाले, कानबाई या खानदेशी देवीची रात्र गाण्यांनी जागवणाऱ्या बायका, डफाच्या साथीने वही हा लोकगीतप्रकार गाणारी मंडळी, साक्री तालुक्यातले पावरी हे फुंकवाद्य वाजवणारे आणि अहिराणी गाणी मोबाइलवरून घरोघरी पोहोचवणारी तरुण मुले, हे सारे संगीताचे जाणकार असूनही वाचक म्हणून त्यांचा विचार क्वचितच झाला. हा अंक आधी त्यांचा असावा, असे ठरले आणि पुढचे बरेचसे निर्णय त्यातूनच निघाले.

बँडवाल्याला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लग्नांमुळे वाचायला उसंत नसते. चातुर्मासात लग्ने थांबतात, म्हणून पहिला अंक आषाढात काढायचा आहे.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक होता. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते; घरच्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून ती १९५२ साली छापली गेली. इकडच्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, आणि तो छापतानाही ‘डोया’च राहिला पाहिजे; प्रमाणभाषेत बसवण्यासाठी गाण्याचा उच्चार बदलणे हा त्या गाण्यावरच अन्याय आहे, असे आम्हांला मनापासून वाटते.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो स्वरलिपीने, म्हणजे गाण्याचे स्वर कागदावर लिहिण्याच्या पद्धतीने. संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकासाठी खाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकासाठी वर टिंब येते. ‘रे’ची मात्रा आणि ‘नि’ची वेलांटी यांना ही चिन्हे भिडू नयेत म्हणून ओळींमध्ये एरवीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडावी लागते. शिवाय त्रिताल या तालाच्या १६ मात्रा, म्हणजे कालमापाचे घटक, एकाच ओळीत दिसायला हव्यात. पुस्तकी आकाराच्या, सुमारे १४० मिलिमीटर रुंदीच्या पानावर त्या दाटीवाटीने बसतात. २१० मिलिमीटर रुंदीच्या ए-फोर पानावर मात्र समास सोडूनही प्रत्येक मात्रेला सुमारे ११ मिलिमीटर जागा मिळते. त्यामुळे छपाईचा खर्च वाढत असूनही मोठा आकारच पक्का झाला.

बांधणी डिंकाची न करता मधोमध पिना मारून करायची आहे, कारण असा अंक पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, सपाट उघडा राहतो. पेटी वाजवणाऱ्याचा एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर असतो, पान उलटायला तिसरा हात नसतो. म्हणून बंदिशीची अस्ताई (पहिला भाग) डाव्या पानावर आणि अंतरा (दुसरा भाग) समोरच्या उजव्या पानावर, अशी मांडणी या नमुना प्रतीत पेन्सिलने आखून घेतली आहे.