आठ ग्रॅमची चिचुंद्री, अकरा ग्रॅमचा पक्षी

श्रोतेहो, नमस्कार. उत्तर युरोपातल्या सूचिपर्णी जंगलात, पालापाचोळ्याखाली एक चिचुंद्री राहते. घरात शिरणाऱ्या चिचुंद्रीपेक्षा कितीतरी लहान, वजन जेमतेम ८ ग्रॅम. वर फांद्यांवर विलो टिट, रामगंगेच्या कुळातला पक्षी, साधारण ११ ग्रॅमचा. पक्षी स्थलांतर करत नाही, चिचुंद्री शीतनिद्रा घेत नाही. हिवाळा दोघांनाही तिथेच काढायचा.

शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानानं कातडी जास्त, आणि उष्णताही भराभर निघून जाते. म्हणून चिचुंद्री रोज जवळपास स्वतःच्या वजनाइतके किडे आणि गांडुळं फस्त करते. दर दोन-तीन तासांनी खाणं, रात्रीसुद्धा! पक्ष्याला अंधारात अन्न शोधता येत नाही. तो दिवसभर चरबी साठवतो, रात्री शरीराचं तापमान काही अंशांनी उतरवतो आणि ती चरबी पुरवून वापरतो. शिवाय शरदातच त्यानं सालीच्या फटींत नि दगडफुलाखाली एकेक बी लपवून ठेवलेलं असतं.

चिचुंद्रीला तापमान असं उतरवता येत नाही. ती चक्क आखडते! पोलंडचे प्राणिशास्त्रज्ञ डेनेल यांनी १९४९ साली हे मांडलं. हिवाळ्यात तिची कवटी सुमारे १५ टक्क्यांनी लहान होते, मेंदूही घटतो, आणि वसंतात दोन्ही पुन्हा वाढतात, पण पूर्वीइतके नाहीत. मेंदू पोसायला महाग. तो कमी झाला की रोजचं अन्नही कमी पुरतं. आता यात काटक कोण, हे विचारण्यात अर्थ नाही. जाड बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं, फांदीवर मात्र ते उणे वीसच्याही खाली जातं.

अभ्यासासाठी यांना पकडणाऱ्यांनी दोघांची वेळापत्रकं वेगळी धरावीत. उंदरांसाठी लावलेल्या जिवंत पकडीच्या पिंजऱ्यात नुसते दाणे असतील, तर रात्रभर अडकलेली चिचुंद्री सकाळी मेलेली सापडते. पिंजऱ्यात माशीचे कोष आणि भरपूर कोरडं गवत घालावं, आणि दर दोन तासांनी फेरी मारावी. पक्षी जाळ्यात पकडून ओळखीसाठी त्यांच्या पायात कडी घालणाऱ्यांनी हिवाळ्यात जाळी दुपारीच उतरवावीत. दिवस मावळण्याआधीचं शेवटचं खाणं हुकलं, तर रात्रीसाठीची चरबी कमी पडते.