बंडगार्डन: बागेआधीचा बंधारा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुण्यात महात्मा गांधी उद्यान कुठे असं विचारलं तर चार लोक विचारात पडतील, बंडगार्डन म्हटलं की रिक्षावाला मीटर टाकतो. आज बागेतल्या हिरवळीवर आणि कारंज्यांवर मी फार बोलणार नाही. बाग नंतर आली, बंधारा आधी. मुळा-मुठेचं पाणी इथे कुठे थांबतं, कुठे पडतं आणि येतं कुठून, एवढं कळलं की इथली झाडं, पक्षी, पूर आणि फेस सगळ्याचा उलगडा होतो.

कात्रजच्या तलावातून नळाने आणलेलं पेशव्यांचं पाणी शहरातल्या हौदांना मिळत होतं, पण लष्कराची वस्ती वाढत होती आणि तिची सोय वेगळी करावी लागणार होती. म्हणून मुळा आणि मुठेच्या संगमाच्या खाली, खडकाळ पात्रात दगडी बंधारा घातला गेला. तो १८५० मध्ये पुरा झाला. मुंबईचे दानशूर व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी खर्चाचा मोठा वाटा, सुमारे पावणेदोन लाख रुपये, उचलला. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं पाणी कालव्याने आलं आणि पाणीपुरवठ्यातलं या बंधाऱ्याचं महत्त्व ओसरलं. भिंत मात्र जागेवर राहिली, आणि भिंतीमागचं संथ पाणीही. वल्हवायच्या नावा, काठची बाग, संध्याकाळची हवाखोरी हे सगळं त्या संथ पाण्याच्या आधाराने वाढलं.

शेजारचा फिट्झजेराल्ड पूल १८६७ चा, कॅप्टन रॉबर्ट सेलन या लष्करी अभियंत्याच्या आराखड्याचा. दोन्ही टोकांचे सिंह सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्याच्या कमानींखालून किती पाणी जाऊ शकतं याकडे सहसा कोणी बघत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं, शहरातले पूल पाण्याखाली गेले. हा पूल उभा राहिला. आता वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून जाते.

आता पाणी येतं कुठून ते बघू. पुणेकरांचा सगळा जीव खडकवासल्याच्या विसर्गात. ‘किती सोडलंय?’ म्हणजे खडकवासल्यातून किती. भिडे पुलासाठी ते ठीक आहे, कारण तो मुठेवर आहे. बंडगार्डन संगमाच्या खाली आहे. इथे मुठेत मुळा मिळालेली असते, आणि मुळेत त्याआधीच दापोडीला पवना मिळालेली असते. म्हणजे खडकवासला, मुळशी आणि पवना या तिन्ही धरणांच्या विसर्गांची बेरीज करायची, वर धरणांखाली पडलेल्या पावसाचं पाणी धरायचं, आणि पाणी इथवर पोचायला लागणारे काही तास हिशेबात घ्यायचे. तिन्ही लोंढे एकाच वेळी पोचत नाहीत, म्हणून नुसती बेरीजही फसवते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं होतं. म्हणजे एकट्या मुठेतून सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर.

यात मुळशीचा हिशेब निराळा. तिथलं पाणी एरवी पूर्वेला येत नाही. ते सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर पडतं. सेनापती बापटांचा १९२१ ते २४ चा सत्याग्रह जमिनींसाठी होता, पण त्या धरणाने मुळेचं पाणीही वळवलं. धरण भरत आलं तरच मुळेत विसर्ग येतो. त्यामुळे उन्हाळ्यात बंडगार्डनला जे वाहतं त्यात मुळा आणि मुठा या नद्यांचं स्वतःचं पाणी अगदी थोडं असतं. बाकी सगळं शहराने वापरून सोडलेलं.

जाता जाता, बंडगार्डन हे नाव पुण्याइतकंच सोलापूर जिल्ह्यात घेतलं जातं. इथे विसर्ग मोजला जातो, आणि उजनी धरण भरणार की नाही हे पाहणारा शेतकरी पावसाळ्यात रोज दोन आकडे बघतो: बंडगार्डन आणि दौंड. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि दौंड त्याच्या खाली भीमेवर आहे, म्हणून दौंडचा आकडा वेगळा आणि बहुधा मोठा.

बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला या. पाणी थांबलं की गाळ बसतो. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस तिथेच रेंगाळतं. जलपर्णीला आणखी काय हवं? ऊन आणि खाद्य असलं तर ती दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. एक रोप उपटून बघा: देठाचा फुगीर भाग चिमटीत दाबला की स्पंजसारखा दबतो, खाली काळपट, पिसासारख्या मुळांचा झुबका, आणि बाजूला आडवा धावणारा धागा, त्याच्या टोकाला पुढचं पिल्लू. रोप काढलं पण धागा तुटून पिल्लू पाण्यात राहिलं की काम वाया. त्या मुळांना चिकटून मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या श्वास घेतात, म्हणून वरून फवारणी केली तरी त्या बऱ्याच वाचतात.

दरवर्षी चूक होते ती वेळेची. डिसेंबरात पुंजके सुटे असतात तेव्हा कोणी हात लावत नाही; मार्चमध्ये पात्र हिरवंगार झालं, डास वाढले, तक्रारी आल्या की यंत्रं उतरतात. तोवर दाट थराचं ओलं वजन हेक्टरी दोनशे टनांवर जाऊ शकतं, आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. काढलेला ढीग काठावरच टाकतात. तो कुजून त्याचा रस पुन्हा नदीत, आणि पहिल्या पुरात उरलेली रोपंही नदीत. ढीग पूररेषेच्या वर न्यायलाच हवा. शिवाय फुलं येण्याआधी काढायला हवं, कारण बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. जूनच्या लोंढ्याने पात्र मोकळं दिसतं ते साफ झालं म्हणून नाही. जलपर्णी खाली गेली इतकंच.

बंधाऱ्याच्या खालची तऱ्हा उलटी. पाणी खडकावर पडतं, हवा मिसळते, विरघळलेला प्राणवायू थोडा वाढतो. आणि तिथेच पांढरा फेस येतो, तोही त्याच कारणाने: कपड्या-भांड्यांच्या साबणाचे अंश असलेलं पाणी घुसळलं जातं. पावसाळ्यात पाणी भरपूर म्हणून फेस कमी, ऑक्टोबरनंतर प्रवाह घटला की जास्त. फेस हटवायला वरून पाणी शिंपडणं म्हणजे फोटोपुरती सोय. आंघोळीलायक पाण्याला लिटरला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी ३ च्या आत असा निकष आहे. बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप. त्या निकषापासून ही नदी फार लांब आहे. जपानी कर्जाच्या मदतीने ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचं काम हाती घेतलंय. ती केंद्रं पूर्ण क्षमतेने चालणं हे काठाच्या सुशोभीकरणापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुलाच्या खालच्या अंगाला, येरवड्याच्या काठाला डॉ. सालिम अलींच्या नावाचा पक्ष्यांचा पट्टा आहे. पुण्यातले पक्षितज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी या नदीच्या पक्ष्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. हिवाळ्यात इथे थापट्या, चक्रवाक, तलवार बदक येतात. हळदी-कुंकू बदक बारमाही. उथळ पाण्यात शेकाट्या, काठाला टिटवी आणि धोबी. पण पक्षी भरपूर म्हणजे पाणी उत्तम, हे समीकरण चुकीचं. थापट्याची चोच चमच्यासारखी रुंद, कडेला बारीक दात्यांची गाळणी. सांडपाण्यामुळे वाढलेले सूक्ष्म जीव तो त्यातून गाळून खातो. शेकाट्याला गाळातल्या लाल अळ्या मिळतात, आणि त्या अळ्या प्राणवायू कमी असलेल्या जागीच माजतात. खऱ्या स्वच्छ, वाहत्या पाण्याची परीक्षा घ्यायची तर दगड उलटून बघा: खालच्या अंगाला चिकटलेल्या मेफ्लाय या कीटकाच्या चपट्या अळ्या दिसतात का? इथे बहुधा नाही दिसत. पक्ष्यांसाठी मात्र एक सोपी गोष्ट: हिवाळ्यात कोरेगाव पार्कच्या, म्हणजे दक्षिणेच्या काठावर उभं राहा. सूर्य पाठीशी राहतो आणि रंग नीट दिसतात.

शेवटी काठ. नदीसुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा ही तिन्ही पात्रं मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा आहे, आणि संगम ते बंडगार्डन आणि तिथून पुढचा पट्टा आधी हाती घेतला गेला. दगडी उतार आणि पायवाटेला माझा सरसकट विरोध नाही. पण काठ हा एक उतार नसतो, त्यात पट्टे असतात. पाण्याला टेकून लव्हाळा आणि पाणकणीस. पुरात आडवी होऊन परत उभी राहणारी शेरणी आणि वाळुंज ही नदीकाठची झाडंझुडपं. त्यावर उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन. आणि निळ्या पूररेषेच्या वर बाकीची झाडं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या. खालचे दोन पट्टे काढून तिथे पिचिंग, म्हणजे उतारावर दगडांचा थर, केलं की खंड्याला बिळासाठी मातीचा कडा राहत नाही आणि पाणकोंबडीला आडोसा राहत नाही.

वाळुंजाला रोपवाटिकेची गरजही नाही. पाऊस ओसरल्यावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हात-दीड हात लांबीच्या काड्या घ्या, खालचं टोक तिरकं कापा आणि दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत जाऊ द्या. डोळे वरच्या दिशेला हवेत. घाईत उलट्या खोचलेल्या काड्याच जास्त वाळतात. नुसत्या गाळात खोचली तर पहिल्या लोंढ्यात जाते, म्हणून टोक खालच्या घट्ट मातीपर्यंत पोचतंय ना ते हाताला जाणवेपर्यंत दाबा. आणि शेजारचं बेशरम हे माजणारं झुडूप आधी मुळासकट काढा, नाहीतर मे महिन्यापर्यंत त्याच्या सावलीत वाळुंज दिसणारही नाही.