विचाराची चौकशी करू नका

अध्यक्षमहाराज, आणि कापूस वेचणीची गडबड असूनही वाचनालयात जमलेल्या मंडळींनो, पत्रिकेवर ‘मन ओळखा, विचारांवर विजय मिळवा’ असे छापले आहे. त्यातला विजय संयोजकांचा आहे, माझा नव्हे.

आमच्या नात्यातल्या एका सुनेने बाळंतपणानंतर घरातली पावशी गोठ्यात कुटाराखाली लपवली होती. शेजारी बाळ निजलेले असताना भाजी चिरता चिरता ‘ही मीच त्याच्यावर चालवली तर’ असा विचार तिच्या डोक्यात आला, आणि असा विचार जिला सुचतो ती आईच नव्हे, असा निकालही तिने जागच्या जागी देऊन टाकला. इकडे सासूबाईंनी घर पालथे घातले, शेजारणीवर आळ घेऊन झाला, अंबाडीची भाजी हाताने तोडून शिजू लागली, आणि ताटात दांडे येतात म्हणून सासरे जेवणावरून उठले. आपण हसलात; ती मात्र बाळाला न्हाऊ घालायलाही भिऊ लागली होती, कारण गावात आलेल्या एका महाराजांनी तिला बजावले होते, ‘माय, असा विचार मनात येऊच देऊ नको.’ माझे भांडण आहे ते या उपदेशाशी.

1987 साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची, असे त्याने विद्यार्थ्यांना सांगितले. (आपल्या मेळघाटातली अस्वले काळी, त्यामुळे आपल्याला सूट आहे.) घंट्या तर वाजल्याच, पण पुढे मोकळीक मिळाल्यावर, आधी विचार दाबणाऱ्यांच्या मनात अस्वल इतरांहून अधिक वेळा आले.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले आहे, तेव्हा मूळ मुद्दा घाईने मांडतो. असले किळसवाणे, हिंसक विचार धडधाकट माणसांनाही येतात, हे राकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच दाखवले. नव्या आयांमध्ये तर ते सर्रास आढळतात. त्रास वाढतो तो विचाराला आपण जो अर्थ चिकटवतो त्यामुळे, अशी मांडणी साल्कोव्हस्किस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये केली. एवढे समजले, की मन समजण्यातले निम्मे काम झाले. मात्र ‘हा विचार मलाच का आला’ याचा रोज तपास करणे आणि नवऱ्याला ‘मी असं करणार नाही ना’ असे पुन्हा पुन्हा विचारणे, हाही मंत्रचळ (ओसीडी) या आजाराचाच भाग होऊन बसतो; नको असलेले विचार पुन्हा पुन्हा छळतात तो हा आजार. नवऱ्याने दिलेला दिलासा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. म्हणून प्रशिक्षित समुपदेशकाच्या मदतीने, बाळ जवळ असताना पावशी हाती घ्यायची, भीती येऊ द्यायची आणि कुणाकडूनही खात्री मागायची नाही, असा उपचार पायरीपायरीने केला जातो. गरज पडल्यास डॉक्टर औषधेही देतात.

मात्र बाळंतिणीला आवाज ऐकू येऊ लागले, बाळाला इजा करणेच योग्य वाटू लागले किंवा स्वतःला संपवावेसे वाटू लागले, तर ती गोष्ट वेगळी. तिला एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तो रात्रीही लागतो.