थकबाकीवर व्याज का नाही?

मित्रहो, समोर बहुतेक मंडळी बँकेतलीच दिसतात, त्यामुळे आयबीए म्हणजे बँकांची संघटना आणि बायपार्टाइट म्हणजे तिच्याशी आपल्या युनियनांचा होणारा पगाराचा करार, यापलीकडे काही सांगत बसत नाही. कुणाच्या सोबत आलेले जावईबापू असतील तर त्यांना घरी गेल्यावर समजवा.

आपला करार पाच वर्षांचा. तो उशिरा झाला की मागच्या तारखेपासूनचा पगाराचा फरक, म्हणजे एरियर्स, एकरकमी मिळतो, पण बिनव्याजी; आजचा विषय तोच. दहावा १ नोव्हेंबर २०१२ पासून लागू, सह्या मे २०१५ मध्ये. अकरावा नोव्हेंबर २०१७ पासून, सह्या ११ नोव्हेंबर २०२०. बारावा नोव्हेंबर २०२२ पासून, सह्या ८ मार्च २०२४. सोळा महिन्यांत उरकला म्हणून आपण एकमेकांचं अभिनंदन केलं! उशिराची इतकी सवय झालीय आपल्याला.

हा उशीर होतो कसा, ते सांगतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका बँकेत आम्ही स्थानिक मागणीपत्र दिलं. पहिली मागणी भत्त्यांची, शेवटची शिपायांच्या छत्रीची. व्यवस्थापनाचे साहेब अतिशय गोड माणूस. म्हणाले, “सोप्यापासून सुरुवात करू, वातावरण चांगलं राहील.” आम्हीही भाबडे. झाली छत्री सुरू! दोन वर्षांनी एक की तीन वर्षांनी? काळीच का? काडी मोडली तर दुरुस्ती कुणी करायची? मग कुणीतरी विचारलं, उन्हाळ्यात बाहेरची डाक नेणाऱ्याला चालेल का? त्यावर स्वतंत्र चर्चा. जेवणाची वेळ झाली. जेवण उत्तम होतं, हे मान्य करायला हवं. दुपारी रेनकोटचा पर्याय पुढे आला आणि साहेबांनी नमुने मागवले. संध्याकाळी आम्ही गेटवर सभा घेऊन सांगितलं, “चर्चा सकारात्मक झाली.” टाळ्याही पडल्या. पुढच्या बैठकीआधी साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, हात जोडून म्हणाले, “मला आधी विषय समजून घेऊ द्या.” पुन्हा छत्री!

हसताय, पण यात मूर्ख कोणीच नव्हतं. त्यांना दिवस हवे होते आणि आम्हाला सभासदांना सांगायला काहीतरी हवं होतं.

मे २०१८ आठवा. आयबीएने दोन टक्के वाढ देऊ केली. दोन! कारण काय, तर बँका तोट्यात. कर्जं बुडवली बड्या थकबाकीदारांनी, हिशोब मात्र काउंटरवरच्या माणसाकडे. ३० आणि ३१ मेला आपण संप केला. २०२० च्या जानेवारीअखेर पुन्हा दोन दिवस. शेवटी पंधरा टक्क्यांवर आलं. वर संपाच्या दिवसांचा पगार कापून घेतला तो आपलाच, आणि...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं. मुख्य मुद्दा राहिलाच की!

तर थोडक्यात. आपण कर्जदाराला एका दिवसाच्या उशिराचंही व्याज लावतो. आपल्याच पगाराचा फरक तीन वर्षांनी आला, त्यावर व्याज शून्य. कोणी म्हणेल, महागाई भत्ता चालूच असतो की. असतो, पण तो जुन्या मूळ पगारावर. बँका वेतनवाढीची तरतूद ताळेबंदात आधीच करून ठेवतात, म्हणजे रक्कम बाजूला काढलेली असते. मग उशिराची किंमत पडते कुणाला? घराचा हप्ता भरणाऱ्याला. वाट पाहताना गेलेल्यांच्या वारसांना अर्ज करत फिरावं लागतं ते वेगळंच. एकरकमी फरकामुळे वाढणाऱ्या आयकरात सवलत मिळते, ती त्यासाठीचा फॉर्म भरणाऱ्यालाच.

आपलाही दोष आहे. एकरकमी एरियर्स हातात पडले की आपण खूश होतो, नेतृत्वाचा सत्कार करतो, आणि तीन वर्षं विसरतो. उशिराला किंमत नाही तोवर समोरच्याला घाई कशाला असेल?

बाराव्या कराराची पाच वर्षं ऑक्टोबर २०२७ अखेर संपतात. पुढच्या मागणीपत्रात व्याजाची मागणी पहिल्या पानावर हवी, दर आपल्याच कर्जाचा. पाच दिवसांच्या आठवड्यावर बोलायचं होतं, ते राहिलं. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. प्रश्न असतील त्यांनी बाहेर गाठा मला.